एका पानापुरतं

खजुरी बाजारात, गाइडांच्या चळतींमागे
चौरसियाचं मशीन सकाळपासून तापलेलं.
मी पुस्तक छातीशी धरून उभी,
कुणाचं तरी मूल सांभाळायला आणलंय
आणि अंधाराआधी परत पोचवायचंय, तशी.

"मैडम, पूरी किताब कर दूँ? स्पाइरल फ्री।"
नको. पान एकेचाळीस.
सोळा प्रती.
तो मान हलवतो. बत्तीस रुपयांसाठी
झाकण उघडायचं, पुस्तक पालथं घालायचं,
आणि वर मी बजावणार, पाठ मोडू नका त्याची.

हे पुस्तक छापणं थांबलं, त्याला सव्वीस वर्षं झाली.
पुण्याच्या प्रकाशकाचा फोन वाजतो,
वाजत राहतो, बहुतेक रिकाम्या खोलीत.
रामबागेच्या वाचनालयात ही एवढीच प्रत,
तिच्याही कोपऱ्याला कुणाच्या तरी शेवेचं तेल.

साबडे सरांनी परिपत्रक काढलंय:
झेरॉक्सपूर्वी शिक्षकांनी कायदा पाहावा.
मी पाहिला. रात्री, ओटा पुसून झाल्यावर.
कलम बावन्न. उपकलमांचा नुसता गुंता,
आणि त्यात एका ओळीत अचानक मीच भेटले:
शिकवण्याच्या ओघात,
शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने.
इंग्रजीत तिथे साधासा, कोरडा शब्द आहे.
ओघ मी केला त्याचा, मराठीत आणताना.
(या भाषांतराचा हक्क कुणाचा, ते विचारलं नाही.)

ओघ म्हटला की काठ आले.
एक काठ मला दिसतो: सातवी ब, सोळा मुलं,
"मी जाऊन राहिलोय" म्हणणारी,
घरी आजोबांशी मराठी, रिक्षात हिंदी.
दुसरा काठ कुठेय, ते कलमात नीट कळत नाही.
तो मी चौरसियाच्या काउंटरवर
दर वेळी अंदाजाने आखते.

पान एकेचाळीसवर एक मुलगा
आपल्या आंधळ्या घोड्याला रस्ता सांगतो:
आता चिंच येईल. आता उतार.
आता जरा थांब, म्हशी चालल्यात.
वर्ग एरवी गप्प बसत नाही. बसला.

मग अद्वय टेंबेचा हात वर.
"मॅम, मी इराच्या वहीतून उतरवलं तर कॉपी,
आणि तुम्ही केलं की हँडआउट?"
सगळे हसले. मीही, थोडी उशिरा.
पानाच्या तळाशी दाखवलं,
लेखिकेचं नाव, पुस्तकाचं नाव, माझ्या अक्षरात.
तू लिहितोस का खाली इराचं नाव?
"लिहिलं तर मार्क मिळतील?"
नाही.
"मग?"
घंटा झाली.

त्याला सांगायचं राहिलं ते असं:
मागच्या वर्षी सुदामा नगरच्या एका ट्यूशनमध्ये
नव्वद रुपयांची व्याकरणाची वही मिळत होती.
उघडली तर आत माझी आत्या.
‘आत्याने सुरण रागारागाने चिरला.’
क्रियाविशेषणासाठी हे वाक्य मी रचलं होतं,
तापातून उठून, शनिवारच्या चाचणीसाठी.
प्रश्न सातनंतर थेट प्रश्न नऊ, माझ्याच चुकीने.
त्यांनीही आठ गाळला होता, अगदी निष्ठेने.
नाव मात्र कुठल्याशा सरांचं, कव्हरवर, सोनेरी.
मला राग आला.
मग वाटलं, जाऊ दे, कुणीतरी शिकलंच ना त्यावर.
मग परत राग आला. तो अजून आहे.

म्हणून मी एकच पान मागते.
म्हणून तळाशी नाव लिहिते, शाई पसरली तरी पुन्हा.
यातून न्याय होतो, असं नाही.
ज्या बाईने तो घोडा लिहिला
तिच्यापर्यंत माझ्या बत्तीस रुपयांतलं काहीच जात नाही.

सोळा प्रती मोजून झाल्या. सतरावी,
शाई अजमावायला काढलेली, अर्धी काळी,
चौरसियाने हातात धरलीय. ओठ हलतायत त्याचे.
मराठी असली तरी अक्षरं ओळखीचीच.
"मैडम, ये घोड़ा... पहुँचा कि नहीं?"

ते पान बेचाळीसवर आहे.
त्याचा हात झाकणाकडे जातो.
थांबा, म्हटलं.
पुस्तक मिटून पिशवीत घातलं, स्टुलावर बसले,
आणि पुढचं सगळं तोंडी सांगितलं,
अर्धं हिंदीत, जसं आठवेल तसं.
त्याला कुठलं कलम लागत नाही.
बहुधा.